बंदरावरची जिलबी

फोनवर हात ठेवून पाटणकर साहेब जवळजवळ ओरडलेच, "अरे, जहाज दिवाळीत देतायत! घ्यायचं का?"

सगळं ऑफिस खुर्च्यांतून उठलं. भर समुद्रात पवनचक्क्या उभारायच्या, तर त्यांची वीज किनाऱ्यावर आणणारी केबल तळाशी टाकावी लागते, आणि ती टाकणारी जहाजं जगात मोजकीच. यांचा नंबर पुढच्या वर्षी होता. पण परदेशातलं एक काम अडलं आणि जहाज अचानक मोकळं झालं. अट एकच, केबल हाताशी हवी.

सगळ्यांच्या माना हेमांगीकडे वळल्या. वेळापत्रक आखताना या कोकणातल्या पोरीनं पावसाळ्यातही समुद्रात काम चालेल असं चुकून धरलं होतं, आणि त्या हिशेबानं केबल कितीतरी आधीच येऊन पडली होती. तेव्हापासून बंदरावर ते डोंगराएवढं वेटोळं बघितलं की साहेबच विचारत, "काय गं, तुझी जिलबी मुरली का?"

"मुरली, सर!" हेमांगी म्हणाली.

साहेबांनी फोनवर होकार ठोकला आणि एकच गलका झाला. हेमांगी भिंतीवरच्या वेळापत्रकाकडे धावली. पुढच्या वर्षातली जहाजाची निळी पट्टी तिनं उपटली आणि केबलच्या पिवळ्या पट्टीला खेटून चिकटवली.

साहेब मागे येऊन उभे राहिले.

"हेमांगी, पुढच्या टप्प्यात कुठे चुकणार आहेस ते आजच सांगून ठेव. डोळे मिटून सही करतो!"