हाकारा

“नुसतं बसायचं, वहिनी. बोलायचं काही नाही,” गुणाजी पुन्हा म्हणाला.

मालन दारातून हलली नाही. घाटकोपरच्या डोंगराखाली लाकडाची एक वखार होती, तिथे वेताळगड संस्थानातल्या चाकरमान्यांची सभा भरणार होती. खुद्द महाराज येणार होते. संस्थान केव्हाच विलीन झालं होतं, आता ते निवडणुकीला उभे होते. मुंबईहून चाकरमान्यांचा निरोप गेला की गाव त्याप्रमाणे मत देतं, हे त्यांना कोणीतरी नीट समजावलेलं होतं.

“दशरथदादाची बायको पहिल्या रांगेत दिसली पाहिजे, असं चंद्रप्रकाश म्हणतोय,” गुणाजी म्हणाला. चंद्रप्रकाश म्हणजे गावकरी मंडळाचा चिटणीस.

“कोणाला दिसली पाहिजे?”

दशरथला गोळी लागली तेव्हा त्याला पाठीवर टाकून पळाला होता तो हा गुणाजीच, त्याचा धाकटा भाऊ. शर्ट रक्ताने भिजला तरी राजवाड्याला शिव्या देणं त्याने थांबवलं नव्हतं.

“राजा गेला, वहिनी. आता तो आपल्यासारखाच एक माणूस. आपल्या दारात मत मागायला येतोय.”

“मग मखमलीची खुर्ची कशाला मागवलीत?”

“गावात आई आहे,” तो खालच्या आवाजात म्हणाला. “शेत अजून राजवाड्याच्याच नावावर आहे. तेवढं ध्यानात ठेव.”

मालनने डोक्यावरून पदर घेतला आणि निघाली.

वखारीत भुश्शाचा वास कोंडला होता. रचलेल्या फळ्यांवरसुद्धा माणसं चढून बसली होती. महाराज आले ते साध्या पांढऱ्या झब्ब्यात. फेटा नाही, चोपदार नाही. मागच्यांनी त्यांना ओळखलंच नाही. मग पुढचा एक म्हातारा वाकला, त्याच्यामागचा वाकला, आणि बघता बघता सगळी वखार वाकली.

चंद्रप्रकाशने भाषण सुरू केलं. पोरगा कॉलेजात जाऊन आलेला, बोलायला फर्डा. “याच आपल्या संस्थानात, महाराजांच्या छत्राखाली, दशरथसारखे वीर स्वातंत्र्यासाठी…”

“कुणाच्या छत्राखाली?”

मालन उभी राहिली होती. गुणाजीने तिच्या पदराला हात घातला. तिने तो सोडवून घेतला.

“रानडुकरं आमचं भात लोळवायची,” ती म्हणाली. आवाज वखारीच्या टोकापर्यंत जात होता. “मारायची बंदी. का, तर डुक्कर राजाच्या शिकारीचं. ह्यांनी एक मारलं, तर चावडीवर फटके दिले. पाठीवर पालथी मूठ ठेवायला जागा नव्हती. मग भात पिकून आडवं पडायला आलं नि हुकूम आला, हाकाऱ्याला चला. राजाकडे गोरे साहेब आलेत. डबे बडवत रान तुडवायचं, जनावर त्यांच्या बंदुकीपुढे आणायचं. भाकरी आपल्या घरची. हे डबा घेऊन निघाले होते. मी तो हिसकावला नि विहिरीत टाकला. म्हटलं, आज भात कापायचं. हे शेतात खाली बसले. ते बघून शेजारचा बसला. सांज होईस्तोवर अख्खी वाडी बसली, नि मग पलीकडचे गाव. मग आम्ही सगळे मिळून राजवाड्यावर गेलो. पुढे वेठ करायची नाही, एवढंच सांगायला. हातात काठीसुद्धा नव्हती.”

तिने महाराजांच्या खुर्चीकडे बोट केलं.

“देवडीवरून गोळी सुटली. हे गेले. ती घाला म्हणून कोणी सांगितलं, तेवढं मला सांगा.”

आता हे लोक आपल्याला ओढत बाहेर नेतील, असं मालनला वाटलं. तिने पाय रोवले. सासूचं शेत जाणार हेही तिला त्याच क्षणी दिसलं. पण आता मागे फिरायचं नव्हतं.

महाराज उठले. खुर्चीवरून खाली आले, तिच्यापुढे उभे राहिले आणि त्यांनी हात जोडले.

“ताई, तुम्ही बोललात ते खरं आहे,” ते म्हणाले. मग ते सभेकडे वळले. “मला या बाईंचा अभिमान वाटतो. अशी प्रजा मला लाभली! दशरथरावांच्या नावाने मी त्याच देवडीसमोर चौथरा बांधीन. स्वखर्चाने. आणि त्याचं उद्घाटन या ताईंच्या हस्ते होईल. त्यांना आणायला माझी मोटार येईल.”

टाळ्यांनी पत्रे हादरले. फळ्यांवरची माणसं उठून उभी राहिली. दोघंतिघं डोळे पुसत होते.

“गोळी कोणी…” मालन म्हणाली.

“महाराजांचा विजय असो!” चंद्रप्रकाश ओरडला, आणि सगळे ओरडले. मालनने शेजारी पाहिलं. गुणाजीचाही हात वर गेला होता. तो तिच्याकडे बघत नव्हता.

कोणी अंगावर धावून आला असता, तर पुढे काय करायचं ते तिला ठाऊक होतं. महाराज अजून हात जोडून तिच्यासमोर उभे होते, हसत होते. चंद्रप्रकाशने बोलावलेला फोटोवाला समोर आला. “बाई, जरा इकडे बघा,” तो म्हणाला. तिने बघितलं.

सभा मोडली. मालन वखारीबाहेर येऊन एका ओंडक्यावर बसली. माणसं तिच्या बाजूने वाट काढत जात होती. काहींनी तिला नमस्कारही केला. तिच्याच वाडीतली एक म्हातारी थांबली. त्या म्हातारीचा नवरा हाकाऱ्याला गेला होता आणि जनावराने फाडल्यावर झोळीतून घरी आला होता. तिने मालनच्या गालांवरून हात फिरवून आपल्या कानशिलावर बोटं मोडली.

“नशीबवान गो तू,” म्हातारी म्हणाली. “आमच्याशी काय महाराज कधी बोलले नाहीत.”