पाईपाभोवतीची हवा

"म्याडम, फोटू तर बघा," म्हणत गोरखनं मोबाईल शुभ्राच्या टेबलावर सरकवला.

बिनधुराच्या चुलीचा धूर कौलांबाहेर नेणारा पातळ पत्र्याचा पाईप भोरच्या शुभ्रानंच तयार केलेला. चुलीतली धग तो पत्रा किती तापवेल, हे तिनं कॉम्प्युटरवर आधीच चालवून पाहिलं होतं. हिर्डोशीच्या वरच्या वाडीत अकरा घरांत गोरखनं ते पाईप बसवले. सुरुवात स्वतःच्या घरापासून, कारण म्याडमवर त्याचा देवासारखा भरवसा. भरवशाच्या म्हशीला टोणगा, असं आपली माणसं उगाच नाही म्हणत.

फोटोत पाईप दिसेचना. माळ्यावरून कौलांकडे गेलेला मांडीएवढा जाड पेंढा तेवढा दिसत होता.

"हे काय गुंडाळलंय?"

"भाताचा पेंढा. सुंभानं आवळलाय. तुमीच म्हनला व्हता, पाईप तापतो, पोरांचा हात लागू देऊ नका. आमची शेफाली माळ्यावरच अब्यासाला बसती. अकराच्या अकरा घरांत केलंय."

शुभ्रा कॉम्प्युटरकडे वळली. तिच्या गणितात पाईपाभोवती मोकळी हवा होती. हवा उष्णता ओढून नेते, म्हणून पत्रा नव्वद अंशांच्या वर चढत नाही. तिनं हवा काढली, पेंढा घातला आणि गणित पुन्हा चालवलं. पडद्यावरचा निळा पाईप पिवळा झाला, मग लाल. वीस मिनिटांत दोनशे ऐंशी. पेंढा त्याच्या आधीच धुमसायला लागतो.

"चुली पेटवल्या नाहीत ना अजून?" तिनं विचारलं.

"न्हाई. गिलावा वाळायचा व्हता. आज दिवेलागनीला समद्यांनी एकदम पेटवायच्या, दूध उतू घालायचं."

समोरच्या किराणा दुकानात दिवे लागून बराच वेळ झाला होता. शुभ्रानं पडदा त्याच्याकडे वळवला आणि काय होणार ते सांगितलं. गोरखनं आईला फोन लावला. वाडीत रेंज कसली येतीय. तीनदा लागलाच नाही. चौथ्यांदा लागला, तसा त्यानं तो स्पीकरवर टाकला. तो तोंड उघडायच्या आतच पलीकडून फुलाबाई बोलायला लागल्या.

"लई झ्याक चूल हाय रं गोरख. दूध उतू गेलं, सैपाकघरात धुराचं नाव न्हाई. निस्ता माळ्यावर जरासा दिसतोय, तर शेफालीला धाडलीय बघाया."