आरशापलीकडचा बिंदू

मुलगी दहावीच्या गणितात दुसऱ्यांदा नापास झाली आणि त्याच दुपारी घरातून निघून गेली. दोन वर्षं झाली, तिचा ठावठिकाणा लागला नव्हता. यंदा कारखान्यात शर्टांना कॉलर लावणाऱ्या तिच्या आईने स्वतःच दहावीचा फॉर्म भरला आणि मुलीच्या कॉम्प्युटरवर भूमिती शिकायला बसली.

मुलीने काढलेली एक आकृती त्यात तशीच होती. मधोमध आरशाची रेषा, अलीकडे लाल बिंदू, पलीकडे त्याचं निळं प्रतिबिंब. आईने माउसने लाल बिंदू रेषेकडे ओढला. निळा मात्र लांब सरकला.

तिने शिकवणीच्या सरांना फोन लावून हे सांगितलं.

“ताई, तुम्ही जवळ आणलात की तोही जवळ येणारच,” सर म्हणाले. “त्याच्या हातात काहीच नसतं.”

तिने पुन्हा ओढला. निळा आणखी लांब गेला.

“ये ना गं,” ती पुटपुटली आणि स्वतःच चपापली.

निळा बिंदू पडद्याच्या कडेला जाऊन दिसेनासा झाला.

मग लाल बिंदू आपोआप हलला आणि रेषेपासून मागे मागे निघाला, जणू आता तोच निळ्याचं प्रतिबिंब होता. माउस आईच्या हातासकट टेबलाच्या कडेकडे सरकू लागला.

तिने तो सोडला नाही.