दफेदारांची शेवटची दौड

भिवाकाका फौजेत घोडेस्वार दफेदार होते, हे दुबईतल्या अल क्वोजच्या कामगार कॅम्पात सगळ्यांना पाठ होतं, पण खरं कोणालाच वाटत नव्हतं. आता ते गोदामाचे वॉचमन होते आणि शनिवारी कायमचे गावी निघाले होते.

"निरोपाला शाल-नारळ नको," ते म्हणाले. "दौडत्या घोड्यावरून भाल्यानं मेख उपटून दाखवतो."

शुक्रवारी अख्खा कॅम्प जमला. मेख वाळूत ठोकली, पाइपाचा भाला केला. घोडा मात्र कोणी देईना. शेवटी गोदामातला ड्रायव्हर अंकुश आपली माल उचलायची फोर्कलिफ्ट घेऊन आला.

काकांनी तिच्याभोवती एक चक्कर मारली. "चावत नाही ना?"

"नाही काका."

"मग यल्ला, चल!"

काका पायरीवर चढले. अंकुशनं जीव खाऊन पळवली. काका कमरेतून वाकले, आणि भाला वर आला तो मेख घेऊनच! शिट्ट्यांनी पत्रे थरथरले.

कोणीतरी काकांपुढे पेढा धरला. त्यांनी हात अडवला. "आधी घोडा. फौजेचा नियम आहे."

फोर्कलिफ्टला पेढा भरवायचा कुठून, यावर गंभीर चर्चा झाली. अखेर तो अंकुशच्या तोंडात गेला. काकांनी त्याची मान थोपटली. आणि अंकुश, सगळ्यांसमोर, अभिमानानं खिंकाळला.