पाणसळ

"आबा, बुडबुडा पुन्हा पुढं पळला," रीता म्हणाली.

गुणवंतराव गुरुजी वैनगंगेत गुडघाभर पाण्यात उभे होते. खोड कोरून केलेल्या डोंग्यातल्या फळीवर ठेवलेल्या गवंड्याच्या पाणसळीत त्यांनी वाकून पाहिलं. नळीतला बुडबुडा पुढच्या टोकाला जाऊन चिकटला होता. म्हणजे डोंग्याचं नाक वर आणि मागचा भाग खाली.

"काऊन बरं?" त्यांनी नातीला विचारलं. उत्तर आपणच सांगून टाकायचं नाही, ही शाळेतली सवय निवृत्त झाल्यावरही सुटली नव्हती.

"मागं इंजिन हाये ना!"

"मंग काय करू?"

"पुढं घ्या."

गुरुजींनी खीळ सोडवली आणि इंजिन उचलून डोंग्याच्या नाकात ठेवलं. धानाच्या बांधीत पाणी ओढणारं ते छोटं जुनं इंजिन. त्याला कूलरच्या पंख्याची पाती कापून बसवली होती. सगळा उन्हाळा त्यांचा यातच गेला होता. पलीकडच्या काठावर टोल्यावरची, तिथल्या छोट्या वस्तीतली पोरं अंगावर शाळेचे कपडे घालून उभी होती. शाळा अलीकडे, टोला पलीकडे, आणि पूल पार लांब. सोमवारपासून पोरांना डोंग्यातून आणायचं, असा गुरुजींचा शब्द होता. आज नुसती पहिली चक्कर होती, तरी पोरं सकाळपासून ओरडत होती.

बुडबुडा जागचा हलला नाही.

गुरुजींनी इंजिन परत उचललं आणि वाळूवर नेऊन ठेवलं. आता डोंग्यात फळीशिवाय काहीच उरलं नव्हतं. मागचा भाग तसाच पाण्यात दबलेला. त्यांनी तळावरून हात फिरवला. तळ कोरडा होता, बुजवलेली जागा पक्की होती.

"तुमच्या कूलरले पान्यात थंडी वाजली का, गुरुजी?"

मनकर्णाबाई काठावरच्या दगडावर येऊन बसली होती. हा डोंगा तिच्या नवऱ्याचा, पत्रू ढिवराचा. पत्रू पुरात गेला आणि डोंगा एकटाच काठाला लागला. कित्येक वर्षं तो घाटावर पालथा पडून होता. गुरुजींनी मागितला, तेव्हा तिनं लगेच देऊन टाकला होता. एवढंच म्हणाली होती, "न्या. पर बुडाचं भोक तेवढं बुजवू नोका." गुरुजी हसले होते. बुडाला भोक ठेवून डोंगा कसा तरंगणार, हे तर त्यांच्या तिसरीतल्या पोरांनीही सांगितलं असतं.

"थंडी नाई, मनकर्णाबाई. मागं वजन येऊन राह्यलं. कुठून, ते समजत नाई."

ती हसायची थांबली. उठून पाण्यापर्यंत आली आणि डोंग्यात डोकावली. तळावरच्या डांबराच्या काळ्या ठिगळावर तिची नजर थांबली.

"कवा बुजवलं?"

"काल. दिवस बुडायच्या आधी."

"तरीच," ती हळू म्हणाली. "काल दिवाबत्तीपासून घरी नाई."

"कोन?"

डोंग्याच्या मागच्या टोकाकडे पाहत मनकर्णाबाई म्हणाली, "पुरानंतर डोंगा परत आला, पर आमच्या मानसाले उतरताच येये ना. रोज पाहो मी. ऊन असो का पानी, आपला बसून राहे. मंग मीच भोक पाडलं, गुरुजी. डोंगा चालत नाई म्हनल्यावर मानूस उतरते. घरी येते."

गुरुजी काहीतरी समजावून सांगायच्या बेतात होते. लाकूड एका बाजूला जास्त पाणी पितं, जुनं खोड सगळीकडे सारख्या वजनाचं नसतं. सांगण्यासारखं बरंच होतं. तेवढ्यात रीता फ्रॉक सावरून डोंग्यात चढली आणि मागं जाऊन बसू लागली.

"पोरीले तिथी नोका बसवू," मनकर्णाबाई शांतपणे म्हणाली. "तिथी जागा नाई."

गुरुजींनी रीताला उचललं. तिला वर घेतलं तरी डोंगा तसूभरही वर आला नाही. पाणी मागच्या काठाला तसंच टेकून राहिलं.

पलीकडची पोरं हात हलवत होती. गुरुजींनी त्यांच्याकडे पाहिलं. मग नातीला वाळूवर उभं केलं, पिशवीतून छिन्नी-हातोडा काढला आणि डोंग्यात वाकले.

"आबा! काय करून राह्यले तुम्ही?"

डांबर उखडलं. खाली ठोकलेली खुंटी दोन-तीन घावांत सुटली. भोकातून पाणी उसळून वर आलं. पलीकडचा ओरडा एकदम थांबला.

गुरुजी मागं सरले. डोंगा एकदा हलला, कोणी काठावर हात टेकून उतरावं तसा, आणि मागचं टोक वर आलं. फळीवरची पाणसळ तशीच होती. बुडबुडा सावकाश सरकत मध्यावर आला आणि दोन रेघांच्या बरोबर मधे थांबला. मग पाणी फळीवर चढलं. डोंगा दोन्ही टोकांनी सारखाच खाली गेला.

रीताने आजोबांचं बोट घट्ट धरलं.

मनकर्णाबाईनं लुगडं झाडलं आणि ती पायवाटेला लागली. वाटेवर बाभळीची काटेरी फांदी आडवी आली होती. तिनं ती हातानं बाजूला केली, स्वतः पुढं गेली आणि फांदी तशीच धरून थांबली.

"वाकून या," ती म्हणाली.

मग तिनं फांदी सोडली.

गुरुजी आणि रीता तर अजून पाण्याजवळच उभे होते.