दुसरं बोलावणं

"अडतीस," काकासाहेब म्हणाले. "पन्नास लागतात. अडतीसच उभे राहिले."

खडीच्या ढिगाभोवती बसलेल्या बायकांचे हातोडे थांबले. सुट्टीला अजून वेळ होता, पण मुकादम काही बोलला नाही. खासदाराने कर्जतच्या रस्त्यावर येऊन स्वतःची हार स्वतः सांगावी, हे त्यानेही कधी पाहिलं नव्हतं.

गेल्या अधिवेशनात काकासाहेबांनी लोकसभेत दुष्काळावर चर्चा मागितली होती. ज्यांना चर्चा हवी त्यांनी उभं राहावं, असं अध्यक्ष म्हणाले. पन्नास जण उठले असते तर बाकीचं कामकाज बाजूला ठेवून दुष्काळावर बोलणं झालं असतं. ते झालं नाही. दिल्लीने लक्ष घातलं नाही तर हे रस्त्याचं दुष्काळी काम महिनाअखेर बंद होणार होतं.

"नुसतं उभं राहायचं हुतं?" रतनबाईने विचारलं. "खडी तर न्हवती फोडायची?"

बायका हसल्या. काकासाहेबही हसले, पण खाली बघून.

भागूबाई हसली नाही. ती सगळ्यांत म्हातारी. "त्यास्नी सांगितलं हुतं का, दादा?"

"सगळ्यांना छापील पत्र पाठवलं होतं. पंधरा दिवस आधी."

"आन् त्या दिशी सकाळी बोलवाया कोन गेल्तं?"

"कुणीच नाही," काकासाहेब म्हणाले.

"घ्या," रतनबाई म्हणाली. "नुसती पत्रिका दिली. आमच्यात तर तेवढ्यावर सख्खा मेव्हणा बी जेवाया उठत न्हाई."

"घरात कुनी सांगितलं न्हाई व्हय?" भागूबाईने विचारलं.

"बोलावण्याचं सगळं बायको बघायची. ती गेली, त्याला वर्ष झालं."

भागूबाईने मान हलवली. मग गुडघ्यांवर हात देऊन ती उठली. बाभळीखाली तिची रेशनची पिशवी होती. तिच्यात मिलो होता, परदेशातून आलेलं लाल धान्य. त्यातले मूठभर दाणे तिने फडक्यात बांधले आणि ती पुरचुंडी काकासाहेबांच्या हातावर ठेवली.

"ह्या अक्षता. तांदूळ कुठनं आनू? पर ह्यो लालच हाय, कुंकू लावाया नको. आता परत कवा बसनार समदी?"

"सोमवारी."

"मंग सोमवारी सकाळी एकेकाच्या दारी जायचं. दोन दानं हातावर ठिवायचं आन् चला म्हनायचं."

"आणि नाही आले तर?"

"दारातच उभं राहायचं. त्यो पायात चपला घालस्तवर हलायचं न्हाई."

काकासाहेबांनी पुरचुंडी आतल्या खिशात ठेवली. दगडावर टेकून ते कागदावर नावं लिहू लागले. "बारा जण कमी पडले," ते पुटपुटले. "म्हणजे बारा घरं."

"बारा न्हाई. आधीच्या अडतिसांला बी बोलवा. एकदा आल्यालं मानूस बोलवल्याबिगर दुसऱ्यांदा येत न्हाई."

मुकादम खाकरला. बायकांनी हातोडे उचलले. भागूबाई जागेवर बसली आणि एक दगड तिने पायाशी ओढला.

"आन् पन्नासच मोजून बसू नगा, दादा. पंगतीला चार पानं जास्तीच धरावी लागत्यात."