कलचाचणी

मुलगा कलचाचणीत भलतंसलतं काही लिहून बसेल, या धास्तीने हेडक्लार्क बाबांनी त्याला बाजूला सारलं आणि सगळे प्रश्न स्वतःच सोडवले. "तुला काय कळतंय? आयुष्याचा प्रश्न आहे!" सुरुवातीला त्यांनी इंजिनिअरला शोभतील अशी उत्तरं दिली; मग हळूहळू रमले आणि खरीच देत गेले.

आठवड्याने समुपदेशक बाईंनी तिघांना समोर बसवून निकाल सांगितला. "याला ऑफिसात डांबू नका, जीव गुदमरेल त्याचा. चित्रं काढू द्या."

आई नवऱ्याकडे बघतच राहिली.

जिना उतरताना मुलाने बाबांच्या खांद्यावर हात ठेवला. "सुट्टीच्या दिवशी काढा की चित्रं, बाबा. पण नोकरी सोडायचं खूळ डोक्यात घेऊ नका. माझं शिक्षण व्हायचंय अजून."